जुन्या गाडीचा रंग

जुन्या वस्तूचा मालक होणे सोपे असते. तिचे करावयाचे काय, हे ठरविणे मात्र अवघड. भांडे असेल तर कल्हई करावी, पुस्तक असेल तर बांधून घ्यावे, वाडा असेल तर भाऊबंदांत वाटून टाकावा, असे ठरीव मार्ग आपल्याकडे आहेत. मोटारगाडीसंबंधी असा मार्ग अद्याप रूढ झालेला नाही. आमच्या मातामहांची १९५१ सालची मॉरिस मायनर गेल्या वर्षी आमच्याकडे आली. तेव्हापासून तिला नवा रंग द्यावा की न द्यावा, या एका प्रश्नाने आमच्या घरात जो वाद माजविला आहे, तो विद्यापीठाच्या नव्या अभ्यासक्रमानेही आमच्या महाविद्यालयात माजविला नव्हता.

गाडी चालू आहे. ९१८ घनसेंटिमीटरचे तिचे मूळ इंजिन दोन-तीन प्रयत्नांनंतर का होईना, पण जागे होते. पुढची काच मधोमध दुभागलेली. वळताना दिवा लुकलुकण्याऐवजी दाराच्या खांबातून एक लहानसा हात बाहेर येतो. रंग मुळात गर्द हिरवा. टपावर आणि बॉनेटवर उन्हाने तो खडूसारखा भुरका झाला आहे. चालकाच्या खिडकीच्या कडेवर तर तो उरलेलाच नाही. तेथे उघडा पत्रा चकाकतो. आजोबा पुण्यात डॉक्टर होते. रोग्यांच्या घरी जाता-येता ते त्या कडेवर कोपर टेकवीत, आणि पंचवीस वर्षांच्या त्या कोपराने रंग हळूहळू पुसून टाकला. दाराच्या आतील पुठ्ठ्यावर वीतभर उंचीवर एक तपकिरी रेघ आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा आमच्या आजोळच्या गल्लीत शिरलेले पाणी जेथवर चढले, तेथवर ती आहे.

ज्या रंगाऱ्याला आम्ही गाडी दाखविली, तो आपल्या धंद्यात निष्णात आहे. गाडीभोवती एक फेरी घालून तो म्हणाला, "सर, सगळा रंग पत्र्यापर्यंत खरवडायला लागेल. मग पुट्टी, प्रायमर, आणि वर ड्यूको. दाराचं अस्तरही नवं टाकू. तीन आठवड्यांत गाडी शोरूममधून काढल्यासारखी होईल." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. मागच्या मडगार्डाच्या आतल्या बाजूस त्याने स्क्रूड्रायव्हरचे टोक सहज दाबले, तो पत्रा पापडासारखा फुटला. गंजाला कोणाच्या आठवणींची भीड नसते. जुन्याच्या प्रेमाने त्याला हात न लावणे म्हणजे रोग्याच्या प्रेमाने त्याचे औषध बंद करण्यासारखे आहे.

आपल्या संस्कारांकडे पाहिले तरी कौल रंगाऱ्याच्याच बाजूने पडतो. जीर्णोद्धार हे आपल्याकडे पुण्यकर्म मानलेले आहे. खंडित मूर्ती आपण पूजेत ठेवीत नाही; तिचे विसर्जन करतो. गणपतीवर शेंदराचे थर पिढ्यान्‌पिढ्या चढत जातात, आणि आतली मूळ मूर्ती कशी आहे हे पाहण्याची उत्कंठा भक्ताला नसते. वस्तू पूज्य असेल तर ती ताजीतवानी दिसली पाहिजे, ही आपली दृष्टी. झिजलेल्या वस्तूच्या झिजेतच मोल शोधणारी दृष्टी आपल्याकडे बऱ्याच अंशी पश्चिमेकडून आली, हे आमच्यासारख्या इंग्रजी वाङ्मयावर पोसलेल्यांनी मोकळ्या मनाने मान्य करावे.

या दृष्टीच्या प्रवर्तकांपैकी एकाचे नाव आणि आमच्या गाडीचे नाव एकच आहे, हा योगायोग मौजेचा. कवी व कारागीर विल्यम मॉरिस यांनी १८७७ साली इंग्लंडात प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी एक संस्था स्थापन केली. त्या काळी जुनी प्रार्थनामंदिरे 'मूळ रूपात आणण्याच्या' नादात तेथील वास्तुविशारद शतकांचे काम खरवडून काढीत असत. मॉरिस यांचे म्हणणे असे की, गेलेले रूप परत आणता येत नाही, आणता येते ती फक्त त्याची नक्कल. म्हणून पुनर्निर्माणाचा हव्यास सोडून नित्याच्या निगराणीने ऱ्हास रोखावा. त्याच १८७७ साली दुसरा एक विल्यम मॉरिस जन्मास आला. त्याने पुढे मोटारींचा कारखाना काढला आणि लॉर्ड नफील्ड ही पदवी मिळविली. १९४८ साली बाहेर पडलेली मायनर ही त्याच्याच कारखान्याची.

या मायनरच्या घडणीतही आमच्या प्रश्नावर प्रकाश टाकणारी एक गोष्ट आहे. तिचा रचनाकार अॅलेक इसिगोनिस याला उत्पादनाच्या ऐन तोंडावर गाडी अरुंद वाटू लागली. त्याने नमुन्याची गाडी मधोमध उभी चिरविली, दोन्ही भाग चार इंच दूर सरकवून पाहिले, आणि तेच माप कायम केले. तोवर बम्पर तयार होऊन बसले होते; तेही मधोमध कापून चार इंचांचा तुकडा जोडून वापरले गेले. बॉनेटच्या मध्यावरून जाणारी उंच सपाट पट्टी म्हणजे त्याच चार इंचांची खूण. ही जोड कोणी लपविली नाही, आणि त्यामुळे गाडीचे सौंदर्यही उणावले नाही.

लपविलेल्या किंवा सरसकट फासलेल्या सुधारणेचा परिणाम पाहावयाचा असेल, तर दूर जावयास नको. अजिंठ्याच्या चित्रांच्या रक्षणासाठी हैदराबादच्या निजाम सरकारने १९२० च्या सुमारास इटलीहून सेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन तज्ज्ञांना बोलाविले. सुटू लागलेला गिलावा त्यांनी भिंतीला पक्का केला, हे त्यांचे उपकारच. पण चित्रे खुलून दिसावीत म्हणून त्यांवर लाखेचे रोगणही दिले गेले. कालांतराने ते पिवळे पडून काळवंडले, आणि पुढील पिढ्यांतील रसायनज्ञांना ते उतरविण्यासाठी वर्षानुवर्षे खपावे लागले. हेतू चांगला, हात कुशल, आणि तरी ही गत! गाडी म्हणजे अजिंठा नव्हे, हे आम्ही जाणतो. परंतु लावलेले रोगण निदान उतरविता तरी येते. खरवडलेला मूळ रंग पुन्हा कोठून आणावा? डागडुजी दहा वेळा करता येते. मूळपण एकदाच असते. कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथे जुन्या गाड्यांचे जे नामांकित प्रदर्शन भरते, त्यात नव्याने न सजविलेल्या, मूळ अवस्थेतील गाड्यांचा वेगळा वर्ग आता असतो. आपल्या सरकारनेही २०२१ साली मोटार वाहन नियमांत भर घालून, पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या आणि मोठे फेरफार न झालेल्या गाड्यांसाठी स्वतंत्र नोंदणीची सोय केली आहे.

इतका युक्तिवाद जुळवून आम्ही तो विजयी मुद्रेने आमच्या मातोश्रींपुढे मांडला. त्यांचे वय आता ऐंशीच्या घरात आहे. गाडी नवी आली तेव्हा त्या सहा वर्षांच्या होत्या. सर्व ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "अरे, दादा ती गाडी रोज पुसत. एक ओरखडा उठला तर त्यांना जेवण गोड लागत नसे. तू जिला मूळची म्हणतोस ती म्हातारी झालेली गाडी आहे. मूळची मी पाहिली आहे. तिच्या दारात मला माझा चेहरा दिसत असे."

या बोलण्याने आमचे दोन्ही मॉरिस निरुत्तर झाले. खरोखर, मूळ कोणते? १९५१ सालची चकाकी, की तिच्यावर पुढे साचलेली वर्षे? ज्याने गाडी आयुष्यभर लखलखीत ठेविली, त्याच्या स्मृतीसाठी ती भुरकट ठेवणे हा त्याचा मान की अपमान? जुनेपणाची आवड ही ज्यांना नवे सहज मिळते अशांची चैन तर नव्हे, अशीही शंका मनात आली. ती अद्याप पुरती गेलेली नाही.

प्रश्नाचा निकाल लागला तो डाव्या मागच्या मडगार्डाशी. तेथे तळहाताएवढा भाग बाकीच्या गाडीहून किंचित पोपटी आहे आणि त्यावर कुंचल्याचे फराटे स्पष्ट दिसतात. आम्ही तो एखाद्या अडाणी कारागिराचा प्रताप समजत होतो. मातोश्रींनी त्यावरून बोट फिरविले. "बैलगाडीचा आस लागला होता इथे. दादांनी पत्रा ठोकून घेतला आणि रंग स्वतः लावला. डबा मी धरला होता. रंग जुळला नाही म्हणून आई हसली, तर म्हणाले, गंज धरला नाही म्हणजे झाले."

रंग न जुळल्यामुळे आजोबांनी साऱ्या गाडीला नवा रंग काढला नाही. जेथे मोडले तेथे दुरुस्त केले, आणि उरलेली गाडी रोज पुसली. नित्याच्या निगराणीचा जो धडा आम्ही इंग्रजी ग्रंथांतून घेतला, तो आमच्या आजोळच्या अंगणात कोणताही ग्रंथ न उघडता गिरविला जात होता. रंगाऱ्याच्या हाती गाडी दिली असती, तर कोपराची खूण आणि पुराची रेघ यांच्याबरोबर एका सहा वर्षांच्या मुलीने धरलेल्या डब्यातला रंगही खरवडला गेला असता.

म्हणून आम्ही असे ठरविले आहे की, पावसाळ्यापूर्वी मडगार्डाचा गंजलेला पत्रा कापून तेथे नवा जोडून घ्यावा, आणि त्या जोडापुरताच रंग द्यावा. तो जुळला तर उत्तम, न जुळला तरी चिंता नाही. बाकीच्या गाडीवर मेण चोळावे. तेही बेताने, कारण पॉलिशाच्या प्रत्येक हाताबरोबर मूळ रंगाचा थोडा थर जातच असतो. रंगाऱ्याने थोडी नाराजी दाखविली, पण काम पत्करले. मातोश्रींचे मत मात्र अजून बदललेले नाही. गाडी गबाळी दिसते असेच त्या म्हणतात. परवा आम्ही दाराला मेण लावीत होतो, तेव्हा त्या खुर्ची ओढून शेजारी बसल्या, आणि कोणता कोपरा राहिला ते काठीच्या टोकाने दाखवीत होत्या.