हजेरीपट

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी गुलमंडीवरून एक चक्कर टाकावी. दुकानादुकानांतून गाद्यांवर पांढऱ्या चादरी अंथरलेल्या असतात, नव्या वह्यांवर हळदकुंकू वाहिलेले असते आणि एरवी गिऱ्हाइकाशी चार आण्यांसाठी हुज्जत घालणारे शेठजी त्या कोऱ्या पानांपुढे हात जोडून बसलेले असतात. मला अशा वेळी माझ्या धंद्यातली वही आठवते. तिला हजेरीपट म्हणतात. तिची पूजा मात्र कोणी करीत नाही. वास्तविक आमची लक्ष्मी तिच्याच पानांतून येते!

पट हा शब्दच मोठा गमतीचा. सोंगट्यांचा पट दिवाळीत मांडतात आणि भाऊबीज झाली की गुंडाळून ठेवतात. आमचा पट बारा महिने मांडलेला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात म्हटले आहे, की पहिली ते पाचवीत साठपर्यंत मुले असली तर शिक्षक दोन. एकसष्टावे आले की तीन. वाचायला किती सोपे! पण हे एकसष्टावे मूल नेमके कोणत्या गल्लीत राहते, ते शोधण्यात आमची उन्हाळ्याची सुटी सरते. सापडले तर एका मास्तराची चूल आहे तिथेच पेटत राहते. नाही सापडले तर तो ‘अतिरिक्त’ ठरतो. धान्य अतिरिक्त होते हे ऐकले होते. माणूसही होतो, हे नोकरीत कळले.

एकदा भर मे महिन्यात मी असाच एका पत्र्याच्या घरात शिरलो, तर आत इंग्रजी शाळेच्या बाई आधीच चहा पीत बसलेल्या. उपवर मुलीच्या घरी दोन स्थळे एकाच मुहूर्तावर यावीत, तशी आमची गत झाली. घरची माउली मात्र शांत होती.

“गुरुजी, ह्या बाई म्हनतेत, गाडी दारात येईल. तुमचं काय?”

मी म्हटले, “मी शिकवीन.”

“ते तर सगळेच म्हनतेत,” ती म्हणाली.

या उत्तराला तोड मला आजतागायत सापडलेली नाही. तिचा संशय पोकळही नाही. २००५ पासून ‘असर’ नावाची पाहणी घरोघर जाऊन होते. पाचवीतल्या मुलापुढेदेखील दुसरीच्या पातळीचा उतारा ठेवतात, आणि पुष्कळांना तो वाचता येत नाही. वाचणारा आणि न वाचणारा, पटावर दोघांचीही किंमत एकच.

मोजणी ही फार मोहाची वस्तू आहे. २०११ च्या ऑक्टोबरात, ३ ते ५ तारखांना, राज्यभर पटपडताळणी झाली, तेव्हा कित्येक ठिकाणी कागदावरची मुले वर्गात भेटलीच नाहीत. त्यांनी कधी खोडी काढली नव्हती, कधी नाकही पुसले नव्हते. फक्त अनुदान आणले होते! तिकडे अमेरिकेतही हीच तऱ्हा. १९९१ मध्ये मिनेसोटा राज्याने पालकांच्या पसंतीने चालणाऱ्या स्वतंत्र कारभाराच्या सरकारी शाळांचा कायदा केला. तिथे मूल ज्या शाळेत जाईल, त्या शाळेकडे पैसा जातो. म्हणजे तिथल्या मास्तरांनाही डोकी मोजल्यावाचून सुटका नाही. समुद्र ओलांडला तरी पट सुटत नाही.

तरीही पट भरण्याचा एक साधा मार्ग आमच्याच जिल्ह्यात दिसला. गाडीवाट हे शहरापासून काही कोसांवरचे खेडे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेने २०१९ मध्ये मुलांना विचारले, कोणती परदेशी भाषा शिकाल? पोरांना यंत्रमानवाचे वेड; ती म्हणाली, जपानी! आणि शेतकऱ्यांची मुले खरोखरच जपानी बोलू लागली. मुलांना आधी विचारावे, मग मोजावे, एवढेच त्या शाळेने केले.

आमचा सरकारी पट ३० सप्टेंबरच्या संख्येवर ठरतो. दिवाळी आटोपली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि तो अर्धा खोटा पडतो. ज्यांची आजी घरी राहते ती मुले मागे उरतात. काही हंगामी वसतिगृहात जातात. उरलेली आईबापांबरोबर कोपीवर. गेल्या वर्षी चौथीतली एक पोर गाडीत बसण्याआधी धावत आली आणि म्हणाली, “गुरुजी, माझं नाव कमी करू नका. म्या येते परत.”

तिच्या नावापुढे मी रोज गैरहजेरी मांडीत होतो. नियमच तो. पण पान उलटताना त्या नावावर बोट थोडे थांबे. होळीनंतर एका सकाळी ती दारात उभी राहिली. उन्हाने काळवंडलेली, हातांवर पाचटाचे ओरखडे. “हजर,” ती म्हणाली. भागाकार मागे राहिला होता. आम्ही दोघे फळ्याकडे वळलो.