सरांना आपले नाव माहीत आहे का?

वस्तीतल्या कॉलेजच्या मुलामुलींना आम्ही हा प्रश्न हमखास विचारतो. तिसऱ्या वर्षाची मुलगीही क्षणभर थांबते. कागदोपत्री प्रत्येकाला मेंटर नेमलेला असतो. नॅकची समिती यायची असली की त्या रजिस्टरवर वर्षभराच्या सह्या एका दुपारी होतात. पण महाडीबीटीचा अर्ज कॉलेजच्या लॉगिनमध्ये अडकला किंवा परदेशी शिष्यवृत्तीसाठी शिफारसपत्र लागले, की कोणाच्या केबिनचे दार वाजवायचे हे तिला ठाऊक नसते. ज्यांचा काका प्राध्यापक, मावशी वकील, त्यांना ही ओळख घरातच मिळते. समाजशास्त्रात याला सामाजिक भांडवल म्हणतात. त्यामुळे 'ओळखीपाळखी कशाला, गुणवत्ता पुरे' हा उपदेश आम्हाला फसवा वाटतो.

बाबासाहेबांची गुणवत्ता कमी होती काय? तरीही चर्नी रोडच्या बागेत वाचत बसलेल्या मुलाकडे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींचे लक्ष गेले, त्यांनी पुस्तके दिली आणि पुढे सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला. कोलंबियात प्रा. सेलिग्मन भेटले, प्रांतिक वित्तावरील 1925 च्या ग्रंथाला त्यांचीच प्रस्तावना आहे. आम्हाला मात्र लंडनचे प्रा. कॅनन अधिक मोलाचे वाटतात. रुपयाच्या प्रश्नावरील 1923 च्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिताना त्यांनी आपल्या या विद्यार्थ्याशी असलेले मतभेद उघड नोंदवले. असे नाते हवे. अंगठा मागणाऱ्या द्रोणाचार्याची भक्ती कोणी 'गुरुपरंपरा' म्हणून गळ्यात मारत असेल, तर ती त्याची त्यालाच लखलाभ!

अर्थात वाजवले म्हणून दार उघडतेच असे नाही. आडनाव ऐकताच आवाज बदलणारे प्राध्यापक आम्हीही पाहिले आहेत. एम्समधील भेदभावाची चौकशी करणाऱ्या सुखदेव थोरात समितीच्या 2007 च्या अहवालातही शिक्षक आपल्याला पुरेसा वेळ आणि आधार देत नाहीत, अशी दलित-आदिवासी विद्यार्थ्यांची तक्रार नोंदलेली आहे. शिक्षकाचा वेळ हेसुद्धा वाटपाचे साधन आहे, मित्रांनो. ते कोणाच्या मर्जीवर का सोडायचे?

आमच्याकडे सध्या एवढे चालते. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी सरांकडे पहिल्यांदा जाताना सोबत एक सीनियर जातो. हातात पेढे नसतात, प्रश्न लिहिलेला कागद असतो. दोनदा परत पाठवले, तर तिसरा कागद प्राचार्यांच्या नावाने जातो आणि त्याची पोच घेतली जाते.