थंड धूर

पाईप ओढणाऱ्या माणसाविषयी लोकांचा एक मोठा गोड गैरसमज असतो. तो आरामखुर्चीत रेलून विश्वाचा विचार करीत बसलेला असतो, असे त्यांना वाटते. चित्रपटांनी आणि पुस्तकांच्या वेष्टनांनी हा समज चांगला जोपासला आहे. मी ज्या पाईपवाल्यांना जवळून पाहिले, ते विश्वाचा विचार करताना कधी आढळले नाहीत. ते पाईपचाच विचार करीत असत. त्यांचा निम्मा वेळ विझलेला पाईप पेटवण्यात जाई आणि उरलेला निम्मा तुंबलेला पाईप साफ करण्यात. मध्ये जी चार घटका उसंत मिळे, ती जीभ पोळल्याची तक्रार करण्यात संपे.

माझे एक मामा या पंथातले. वनखात्यातून निवृत्त होऊन ते सांगलीला स्थायिक झाले होते. आयुष्याची तीस वर्षे जंगलात काढलेल्या या माणसाला आता बंदोबस्त करायला ना वणवा उरला होता, ना लाकूडचोर. उरला होता फक्त पाईप. मी तेव्हा एका कारखान्यात नकाशे काढण्याचे काम करीत असे. १९६९ च्या उन्हाळ्यात मामांनी मला समोर बसवले आणि एखाद्या सरकारी कामाची निविदा वाचावी तशा गंभीर आवाजात सांगितले, "तू एवढी यंत्रं कागदावर काढतोस, तर मला एक पाईप काढून दे. दोनच अटी. धूर थंड आला पाहिजे, आणि साफ करायला सोपा पाहिजे."

तिसरी अट स्वयंपाकघरातून आली. मामी म्हणाल्या, "आणि साफ करताना माझ्या न्हाणीघरात वास येता कामा नये."

अटी ऐकायला किती साध्या! परंतु या दोन अटींपायी माणसाने चारशे वर्षे डोके खाजवले आहे, हे मला पुढे कळले. आणि गंमत अशी, की त्या दोन अटी एकमेकींच्या सख्ख्या सवती आहेत.

धूर पोळतो कशामुळे? आपल्याला वाटते, आगीमुळे. पण नुसता वायू फार थोडी उष्णता वाहून नेऊ शकतो. चार बोटे नळीतून गेला की तो बराच निवतो. खरा गुन्हेगार आहे पाणी. तंबाखूत मुळात ओल असते, आणि ती जळताना आणखी पाणी तयार होते. त्याची वाफ धुराबरोबर निघते, आणि गार जागी टेकताच पुन्हा पाणी होते. एक ग्रॅम वाफेचे पाणी होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता बाहेर पडते. ही घटना जिभेवर घडली, की जीभ पोळते. भातावरचे झाकण काढताना वाफेचा चटका ज्यांनी खाल्ला आहे, त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको. तेव्हा धूर थंड करायचा म्हणजे ही वाफ जिभेपर्यंत पोचण्याआधी वाटेतच कुठेतरी गाठून तिचे पाणी करायचे. पण ते पाणी एकटे येत नाही. त्याच्याबरोबर काळा, चिकट, कडूजहर कीट येतो आणि नळीत बसतो. म्हणजे पाईप जितका थंड, तितका आतून घाण. नळी लांब करा, वळणे द्या, आत कप्पे ठेवा. धूर निवेल, पण साफ करणाऱ्याचे हाल कुत्रा खाणार नाही. उलट आखूड, सरळ नळी ठेवा. काडी एका दमात आरपार जाईल, पण जीभ भाजेल.

आपल्याकडच्या शेतकऱ्याने या तिढ्यातून किती स्वस्तात वाट काढली आहे पाहा. चिलीम म्हणजे मातीचे एक सरळ नळकांडे. आत एक खडा, की निखारा तोंडात येऊ नये. आणि खालच्या टोकाला ओल्या फडक्याची छापी. ओल्या फडक्यातून धूर गाळला जातो आणि निवतोही. माठाचे पाणी ज्या न्यायाने गार होते, त्याच न्यायाने ते फडके गार राहते. साफ करायचे म्हणजे खडा काढायचा, फडके धुवायचे आणि नळकांडे आपटून झाडायचे. मोडलीच तर कुंभारवाडा जवळ असतोच. या वस्तूचा नकाशा कोणी काढला, हे कोणालाही ठाऊक नाही. चांगल्या वस्तूंचे असेच असते.

दरबारी लोकांना अर्थात एवढ्या साधेपणाने भागत नाही. अकबराच्या अखेरच्या दिवसांत असद बेग नावाचा त्याचा सरदार विजापूरला गेला होता. तिथे त्याला तंबाखू दिसली. परत येताना त्याने ती बादशहासाठी नेली, आणि बरोबर एक नळीही करवून नेली. ती तीन हात लांब होती. दोन्ही टोकांना जडावाचे आणि मिन्याचे काम, तोंडात धरायला येमेनी अकीक आणि वर सोन्याचे पात्र. बादशहाने दोनचार झुरके घेतले, तोच त्याच्या हकिमाने हरकत घेतली. म्हणजे सांगलीपासून फार दूर नसलेल्या विजापुराहून तंबाखू मोगल दरबारात गेली, आणि तिच्यामागोमाग वैद्याचा नकारही तिथे हजर झाला. पुढे १६१७ साली जहांगीराने तंबाखूवर बंदीच घातली. बंदीचे काय झाले, हे हुक्क्याची पुढची भरभराट सांगतेच. हुक्क्याने तर धूर पाण्यातूनच नेला. थंडपणात त्याच्यावर कोणाची ताण नाही. पण त्याची नळी, पाणी आणि चिलीम साफ ठेवायला पदरी हुकाबरदार लागे. ज्याचा धूर थंड, त्याच्या घरी नोकर जास्त!

युरोपातल्या लोकांना नोकर परवडेनात, म्हणून त्यांनी कारागीर कामाला लावले. आधी पांढऱ्या मातीचे, हातभर लांब नळीचे पाईप झाले. धूर सुरेख निवे, पण धक्का लागला की तुकडे. मग तुर्कस्तानातल्या एस्किशेहिरजवळ सापडणारा मीरशॉम हा हलका, सच्छिद्र दगड आला. तो ओल शोषून घेतो आणि वापरता वापरता मधासारखा पिवळा, पुढे तपकिरी होत जातो. १८५० नंतर फ्रान्समधल्या सेंट क्लॉड गावाने ब्रायरचे पाईप जगभर पोचवले. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाशी येणारी गाठ. ती तासन्‌तास पाण्यात उकळतात, मग महिनोन्‌महिने वाळवतात. तेव्हा कुठे ती आगीला दाद देत नाही अशी होते. वनखात्यातले मामा या गाठीविषयी बोलू लागले, की एखाद्या घराण्याची वंशावळ सांगावी तसे बोलत.

दक्षिण आफ्रिकेतल्या लोकांनी तर भोपळ्याचाच पाईप केला. वेलीवर असतानाच त्याची मान वाकवून घेतात, वाळल्यावर वर मीरशॉमची वाटी बसवतात, आणि खालच्या पोकळीत धूर आपोआप निवतो. हा भोपळा म्हणजे आपल्या दुध्याचाच जातभाई. हे कळल्यावर मला राहून राहून मौज वाटली. मिरजेच्या कारागिराने भोपळ्याच्या पोकळीत स्वर घुमवला आणि केपटाऊनकडच्या कारागिराने धूर! शेरलॉक होम्सच्या तोंडी चित्रकार आणि नट हाच पाईप देतात; मूळ कथांत मात्र त्याच्याजवळ तो नाही.

डब्लिनच्या चार्ल्स पीटरसनने १८९० साली पाईपच्या पोटातच ओल साचायला एक लहानसा हौद ठेवला, आणि १८९८ मध्ये तोंडातल्या टोकाचे भोक वरच्या बाजूला नेले. धूर जिभेवर न येता टाळूकडे जावा, हा हेतू. लंडनच्या डनहिलने नळीत आणखी एक पातळ नळी घातली. कीट तिच्यात बसे, ती काढून फेकली की झाले. अमेरिकेतल्या सिॲटलचे कर्स्टन हे विमानविद्येचे प्राध्यापक. वाऱ्याच्या बोगद्यात विमाने तपासणाऱ्या या गृहस्थांनी १९३० नंतरच्या दशकात ॲल्युमिनियमचे जाड नळकांडे पाईपला जोडले आणि आतला दांडा बाहेर ओढून पुसता येईल असा केला. फाल्कन पाईपची तर वाटीच फिरकीने निघे. आणि या सगळ्यांना वाकुल्या दाखवीत मिसूरीतल्या वॉशिंग्टन गावी मक्याच्या कणसाचे पाईप होत होते. युद्धकाळच्या छायाचित्रांत जनरल मॅकार्थरच्या तोंडात दिसतो तो हाच. कणसाचा पाईप साफ करण्याची युक्ती सोपी: फार खराब झाला की नवा घ्यायचा.

एवढे सगळे कानामागून डोक्यात गेल्यावर माझा नकाशा तयार झाला. मामांचा एक जुना ब्रायरचा पाईप दांड्यात तडकला होता. त्याची वाटी तेवढी घेतली. तिच्या तळाला चार मिलिमीटरचे भोक, खाली ॲल्युमिनियमची लिंबाएवढी वाटी, आणि त्या वाटीतून निघणारी अगदी सरळ नळी. टोकाला एबोनाइटचे तोंड. आटे घालायचे की नाही, यावर आमचा दोन रविवार वाद झाला. आटे घट्ट बसतात खरे, पण कीट त्यांतच जाऊन वाळतो आणि मग पक्कडीशिवाय ते सुटत नाहीत. म्हणून आटे नकोत, नुसती निमुळती बसकण आणि बुचाचे कडे, असे ठरले. धातू हाताला चटका देतो, म्हणून बोटे टेकायच्या जागी वेताची गुंडाळी आली. लेथवर काम करणाऱ्या माझ्या स्नेह्याने जेवणाच्या सुटीत तो पाईप कातून दिला आणि दिवाळीच्या पाडव्याला मामांनी तो पेटवला.

धूर थंड होता. मामांनी डोळे मिटून जी मान डोलावली, ती चांगला षड्ज लागल्यावर डोलवावी तशी होती. पंधरवडाभर ते भेटेल त्याला तो पाईप दाखवीत. साफ करायचे म्हणजे वाटी ओढून काढायची, फडक्याने पुसायची, नळीतून तारेची काडी एकदा फिरवायची; दोन मिनिटांत काम तमाम. मामींची अटही पाळली गेली, कारण हे सगळे परसात तुळशीपासून दूर उभे राहून उरकता येई.

आणि इथेच एक गोष्ट घडली, जी कोणत्याही नकाशात नव्हती. जुन्या पाईपांत घाण कुठे बसे, हे कोणाच्या डोळ्यांना कधी दिसत नसे. लाकूड ती पिऊन टाकी. आता ती रोज संध्याकाळी एका चकचकीत पांढऱ्या वाटीत काळ्याकुट्ट काढ्यासारखी समोर येऊ लागली. एके दिवशी मामींनी ती वाटी हातात घेतली, उजेडात धरली आणि शांतपणे विचारले, "अहो, हे एवढं इथं राहिलं. मग जे राहिलं नाही, ते कुठं गेलं?"

मामा काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. चारशे वर्षांच्या साऱ्या कारागिरीला हा प्रश्न कोणी विचारला असेल, असे मला वाटत नाही. आम्ही सर्वांनी धूर थंड केला. पण थंड करणे म्हणजे निर्विष करणे नव्हे. पाण्यातून नेलेला धूर, कोळशाच्या पुडीतून गाळलेला धूर, भोपळ्यात निवलेला धूर, सगळा अखेर धूरच. उलट तो पोळत होता तोवर जीभ निदान तक्रार तरी करीत होती. आम्ही तिचे तोंड बंद केले.

हे वैद्यकाला ठाऊक नव्हते असेही नाही. पाईप ओढणाऱ्यांच्या ओठाला कर्करोग होतो, असे स्योमरिंग या जर्मन वैद्याने १७९५ मध्येच लिहून ठेवले होते, आणि १९६४ सालच्या अमेरिकन सरकारच्या प्रसिद्ध अहवालानेही पाईप आणि ओठाचा कर्करोग यांचे नाते सांगितले होते. पण अहवाल लांबच्या देशात असतो. वाटी हातात असते.

पुढे वर्षभरात मामांच्या गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा दिसला. पुसून जात नव्हता. मुंबईच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले, की अजून वेळ गेलेली नाही, पण तंबाखू आजच्या आज सुटली पाहिजे. मामांनी वकिलाच्या थाटात खिशातून आमचा पाईप काढला आणि त्याचा थंडपणा त्यांना समजावून सांगितला. डॉक्टरांनी तो उलटासुलटा करून पाहिला, बनावटीची मनापासून तारीफ केली, आणि म्हणाले, "वस्तू फार सुंदर आहे. फक्त ओढू नका."

मामांनी ऐकले. सोपे नव्हते ते. कित्येक दिवस जेवणानंतर त्यांचे हात खिसे चाचपत. मामींनी बडीशेपेची डबी हाताशी ठेवली, तिचा त्यांना राग येई. पण ऐकले खरे. चट्टा हळूहळू मावळला, आणि त्यांनी पुढे नातवंडांची लग्ने पाहिली. तारेच्या लोकरी काड्यांचे उरलेले पुडके नातवंडांनी पळवले आणि त्यांचे उंट, हरणे, माकडे केली. त्या काड्यांचा याहून चांगला उपयोग मला तरी सुचत नाही.

पाईप मात्र त्यांनी टाकला नाही. दर रविवारी ते तो सोडवत, वाटी पुसत, नळीतून डोळ्याला लावून आकाश बघत आणि पुन्हा जोडून ठेवत. एकदा मी विचारले, "मामा, आता कशाला साफ करता?" तेव्हा त्यांनी नळी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "बघ, आरपार दिसतं. तुझ्या दोन्ही अटी आत्ता कुठं पुऱ्या झाल्या."