नवा रंगीत रोल आणि जुने रंग

रंगीत फिल्म पुन्हा नव्याने घडवली जाऊ लागली आहे, ही वार्ता आता केवळ अफवा राहिलेली नाही. डिसेंबर 2023 मध्ये इंग्लंडमधील मोबर्ली येथील हार्मन कंपनीने ‘फिनिक्स 200’ हा रोल बाजारात आणला. इलफर्ड या नावाने वर्षानुवर्षे कृष्णधवल फिल्म करणाऱ्या या कारखान्याने अथपासून इतिपर्यंत स्वतः घडवलेला हा पहिला रंगीत रोल. जुलै 2025 मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कोडॅकने ‘कोडाकलर’ हे जुने नाव पुन्हा बाहेर काढून 100 आणि 200 स्पीडचे दोन रोल जाहीर केले. 2009 मध्ये कोडाक्रोमला निरोप देणारी आणि 2012 च्या जानेवारीत दिवाळखोरीचा अर्ज करणारी कंपनी ती हीच.

आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. रसायनशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे, आणि छायाचित्रणातही आम्ही हौशीच. तरीही या वार्तेने आम्हाला जे सुचले, ते लिहून ठेवावेसे वाटते. कारण प्रश्न केवळ हौसेचा नाही. आमची पिढी ही रंगीत निगेटिव्हवर वाढलेली पिढी आहे. आजोबांचे फोटो कृष्णधवल, आमच्या मुलांचे फोनमधले. मधल्या वीस-पंचवीस वर्षांतल्या मुंजी, लग्ने, सहली आणि कॉलेजातली गॅदरिंगे मात्र रोलवरच्या. आणि नेमके हेच फोटो आज सर्वांत लवकर नष्ट होत आहेत.

याचे कारण रंगीत फिल्मच्या घडणीतच आहे. कृष्णधवल फिल्मवर प्रकाशाने जे उमटते ते चांदीचे असते, आणि चित्र पूर्ण झाल्यावरही चांदीच मागे राहते. रंगीत फिल्ममध्येही आरंभी चांदीचेच क्षार असतात. निळ्या, हिरव्या व तांबड्या प्रकाशाला प्रतिसाद देणारे थर एकावर एक चढवलेले असतात. डेव्हलपर त्या चांदीवर काम करत असतानाच प्रत्येक थरात रंगद्रव्य तयार होते. त्यानंतर चांदी धुऊन काढली जाते. म्हणजे आपण ज्याला फोटो म्हणतो, तो निघून गेलेल्या चांदीच्या जागी उरलेला रंग असतो. चांदी टिकाऊ, रंग हा सेंद्रिय पदार्थ, उष्णता आणि दमट हवा यांनी विरणारा. म्हणूनच खापरपणजोबांची पगडी अजून ठसठशीत दिसते आणि आमच्या मुंजीचा मांडव तांबूस धुक्यात बुडालेला असतो.

हे काम किती अवघड आहे, हे इटलीतल्या फेरानियाच्या उदाहरणावरून कळते. तिथल्या जुन्या कारखान्यात पुन्हा रंगीत फिल्म काढण्यासाठी 2014 मध्ये लोकवर्गणीतून तीन लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली. 2017 मध्ये प्रत्यक्ष हाती आली ती कृष्णधवल फिल्म. हे सांगताना आम्हाला कुणाला नावे ठेवायची नाहीत. कृष्णधवल रोल घरच्या न्हाणीघरात धुता येतो. त्याला साधारण 20 अंश तापमान लागते, आणि पुण्याच्या मे महिन्यात त्यासाठी पाण्यात बर्फ टाकला की भागते. रंगीत निगेटिव्हला 1972 पासून चालत आलेली सी-41 ही पद्धत लागते. तिचा डेव्हलपर 38 अंशांच्या आसपास, तोही सव्वातीन मिनिटे. तापमान अर्धा अंश इकडेतिकडे झाले तरी रंगांचा तोल ढळू शकतो.

रंगासाठी परदेशाच्या तोंडाकडे पाहणे ही तर आपली जुनीच रीत. ‘प्रभात’ने 1933 साली ‘सैरंध्री’ हा रंगीत बोलपट काढला. त्याच्या रंगीत प्रती काढण्यासाठी शांतारामबापूंना थेट जर्मनी गाठावी लागली, आणि एवढे करूनही रंग मनासारखे उतरले नाहीत. त्याच वर्षी ‘प्रभात’ कोल्हापूरहून पुण्यात आली. तिच्या आवारात आज फिल्म इन्स्टिट्यूट उभी आहे. पुढे स्वातंत्र्यानंतर उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना निघाला आणि 1967 मध्ये तिथे उत्पादन सुरू झाले. त्याचे नाव ‘इंदू’. इंदू म्हणजे चंद्र. चांदीच्या क्षारांवर चालणाऱ्या धंद्याला इतके समर्पक नाव क्वचितच मिळाले असेल. मात्र त्याची ओळख राहिली ती प्रामुख्याने कृष्णधवल आणि क्ष-किरण फिल्मचीच. तोही कारखाना आता बंद पडला आहे. आमच्या बालपणाचे रंग आले ते कोडॅक, फुजी, कोनिका यांच्या डब्यांतून.

आता एका फोटोविषयी. आम्हा दोघांपैकी एकाच्या मुंजीचा, 1988 सालचा फोटो. अल्बममधल्या त्या प्रिंटवर आईचा शालू आमसुली दिसतो. आई ऐंशीला टेकलेली, तिने चष्मा पुसून पाहिले आणि ठामपणे म्हणाली, “अरे, आमसुली कुठला? चिंतामणी होता तो. मावशीने लक्ष्मी रोडवरून आणला होता, मला दिवससुद्धा आठवतो.” आई बरोबर होती. अल्बमच्या अंधारात त्या काळच्या प्रिंटमधला हिरवट-निळा रंग सर्वांत आधी विरतो. मग निळ्याचे जांभळट होते आणि जांभळटाचे आमसुली.

सुदैवाने कागदाच्या पाकिटात निगेटिव्हची पट्टी सापडली, आणि ती प्रिंटपेक्षा बरी होती. ती स्कॅन करून देणाऱ्याने विचारले, “यात पांढरे काय आहे ते सांगा, म्हणजे बाकीचे रंग लावता येतील.” निगेटिव्हला नारिंगी छटेचा पडदा असतो, तो काढून मूळ रंग मिळवायचे तर कुठून तरी आरंभ करावाच लागतो. आम्ही गुरुजींच्या उपरण्याकडे बोट दाखवले. शेजारी बसलेली आई म्हणाली, “ते पांढरं नव्हतं, मोतिया होतं. पांढरी होती ती रांगोळी.” रांगोळी पांढरी धरली, तेव्हा शालू चिंतामणी झाला.

त्या दुपारी यंत्र होते, निगेटिव्ह होती, कसबी माणूस होता. पण रंगाचे अंतिम प्रमाण होते ते आईच्या स्मरणात. चिंतामणी, मोतिया, अबोली, डाळिंबी, गुलबक्षी हे शब्द आम्ही वर्गात शब्दसंपत्ती म्हणून शिकवतो. विरलेल्या रंगद्रव्याची ओळख पटवण्याच्या कामी ते येतील, हे आम्हाला कुठल्याही भाषाशास्त्राच्या ग्रंथाने सांगितले नव्हते.

मग नव्या रोलकडून अपेक्षा कोणती ठेवायची? तो आमचे जुने रंग परत आणील ही तर नक्कीच नाही. पहिल्या फिनिक्सला तो नारिंगी पडदाच नाही. छायाप्रकाशाचा विरोध तीव्र, आणि दिव्यांभोवती तांबडी आभा पसरते. दिवाळीतला आकाशकंदील त्यावर टिपला, तर तो आपल्या आठवणीतल्यासारखा दिसणार नाही; नव्या कारखान्याच्या डोळ्यांनी पाहिल्यासारखा दिसेल. त्यात वावगे काही नाही. आमचे काही विद्यार्थी वर्गणी काढून एक रोल घेतात आणि 36 फोटो चौघांत वाटून घेतात. त्यांना तीच आभा हवी असते.

आम्हाला या वार्तेचे मोल वाटते ते निराळ्या कारणासाठी. रोल खपले तर सी-41 ची रसायने येत राहतील. रसायने आली तर रोल धुणारा आणि निगेटिव्ह जाणणारा माणूस टिकेल. एके काळी पेठेपेठेत रोल धुवायला टाकता येत असे. आज त्यासाठी विचारपूस करत हिंडावे लागते. आमच्या घरांतल्या जुन्या पट्ट्यांना अशा माणसाची गरज आहे, आणि त्याचे पोट नव्या रोलांवरच चालू शकते. विद्यार्थ्यांच्या हौसेमुळे कदाचित आमच्या मुंजी वाचतील.

परंतु तो माणूस टिकला तरी त्याच्या प्रश्नाचे उत्तर देणारी माणसे फार दिवस राहणार नाहीत. म्हणून निगेटिव्ह कोरड्या, थंड जागी ठेवाव्यात हा सल्ला योग्यच असला, तरी तेवढ्याने भागणार नाही. या सुट्टीत अल्बम काढून आई, मावशी, आत्या यांच्याजवळ बसावे आणि प्रत्येक फोटोमागे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहून ठेवावे: शालू चिंतामणी, उपरणे मोतिया, रांगोळी पांढरी.