ऐकलेले आणि उमगलेले

नवविधा भक्तीत श्रवणाला पहिले स्थान आहे, असे शाळेत मराठीच्या गुरुजींनी शिकवले, तेव्हा मला नवल वाटले होते. कारण आदल्याच रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी पौलाच्या रोमकरांस पत्रातील दहाव्या अध्यायावर प्रवचन केले होते, आणि विश्वास ऐकण्यातून उत्पन्न होतो, हाच त्या प्रवचनाचा आशय होता. दोन निराळ्या परंपरांनी एकाच उंबरठ्याशी नेऊन उभे करावे, याचा त्या वयात आनंद झाला. मात्र उंबरठ्याशी उभे असणे आणि घरात असणे यांत अंतर असते, हे कळण्यास मला पुढची पन्नास वर्षे लागली.

माझा जन्म बेळगावातल्या एका मराठी ख्रिस्ती कुटुंबातला. वडील चर्चचा जमाखर्च सांभाळत. आई रविवारच्या शाळेत मुलांना शिकवी. घरात रोज संध्याकाळी दिवा लागला की प्रार्थना होई, 'उपासना संगीता'तले एखादे गीत म्हटले जाई, आणि शेवटी सर्वांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हणायची, असा परिपाठ होता. पवित्र शास्त्रातली वचने पाठ करण्याच्या स्पर्धेत मी अनेक बक्षिसे मिळवली. सोळाव्या वर्षी चर्चचे पूर्ण सभासदत्व घेताना विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला मी अचूक उत्तर दिले. उत्तरे मला येत होती. प्रश्न मात्र मला कधी पडलेच नव्हते. ज्यांना हा संदेश परका असतो, त्यांना तो स्वीकारताना किंवा नाकारताना निदान विचार तरी करावा लागतो. आमच्यासारख्या जन्मजात ख्रिस्ती माणसांना तो अंगाईइतका परिचयाचा असतो, आणि अंगाईचे काम झोपवण्याचे असते!

पुढे शिक्षक झाल्यावर बाबा पदमनजींचे 'अरुणोदय' हाती आले. 1831 साली बेळगावातच जन्मलेल्या आणि 1854 मध्ये बेळगावातच बाप्तिस्मा घेतलेल्या या गृहस्थाचे आत्मचरित्र 1888 मध्ये प्रसिद्ध झाले. ते मी प्रथम वाचले ते आपल्या गावचा माणूस म्हणून. मिशनच्या शाळेत त्यांनी ख्रिस्ती शिकवण ऐकली, ती पटतही गेली. परंतु पटणे आणि पाऊल उचलणे यांच्यामध्ये कितीतरी काळ गेला. मधल्या काळात ते मुंबईच्या परमहंस सभेतही होते. जातिभेद मोडू पाहणाऱ्या त्या मंडळींचे कामकाज गुप्तपणे चाले. घरच्यांचे दुःख, समाजाचा रोष आणि स्वतःच्या मनाची चालढकल हे सारे या पुस्तकात आहे. त्याचे नावही मला फार अर्थपूर्ण वाटते. वीज चमकावी तसा लख्ख प्रकाश पडला, असे त्या नावात नाही. अरुणोदय म्हणजे सूर्य दिसण्यापूर्वीचे हळूहळू उजाडणे.

लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट तर मराठी वाचकाला नव्याने सांगण्याची गरज नाही. नारायण वामन टिळकांनी 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्या पार कोसळून गेल्या. काही वर्षांनी पतीजवळ राहू लागल्यावरही त्यांचे सोवळे आणि स्वयंपाक वेगळाच राहिला. टिळकांसारखा कवी आणि वक्ता घरात असताना ऐकण्याची वाण ती काय असणार! तरीही त्या ऐकण्याने बाईंचे मन वळले नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न एके दिवशी त्यांनी स्वतःच स्वतःला विचारला, आणि यापुढे कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे, असा निश्चय केला. बाप्तिस्मा त्यानंतरचा, पतीच्या बाप्तिस्म्याला पाच वर्षे उलटून गेल्यावरचा. 'स्मृतिचित्रे'मधला हा भाग मी वर्गात किती वेळा रंगवून सांगितला असेल! आपली स्वतःची अशी पाण्याची वाटी कोणती, हे मात्र मी स्वतःला विचारले नव्हते.

तो प्रश्न मला विचारला गेला तो आईच्या आजारपणात.

वडील 2004 मध्ये गेले. मृत्युपत्र नव्हते. घरावर आईचा, माझा आणि धाकट्या भावाचा सारखा हक्क होता. भाऊ नोकरीनिमित्त हुबळीला, आणि घराची डागडुजी, करभरणा, आईचे औषधपाणी हे सारे माझ्याकडे. म्हणून घरावर माझा अधिकार अधिक, असे मी मनाशी ठरवून टाकले आणि आईचा हिस्सा माझ्या नावे करून घेतला. तिने सही केली. कागदात काय आहे, हे मी तिला वाचून दाखवले नव्हते. भावाला ते कळले तेव्हा तो घरी येऊन फार कठोर बोलला. त्या बोलण्याचा मी इतका राग धरला की, अपराधी तो आणि दुखावलेला मी, अशीच माझी खात्री होऊन बसली. त्यानंतर अकरा वर्षे आम्ही एकमेकांशी बोललो नाही. तो आईला भेटायला येई, तेव्हा मी बाजारात जात असे. आणि या अकरा वर्षांत चर्चमधली माझी एकही उपासना चुकली नाही.

2015 च्या सुमारास आईची स्मृती हरपत चालली. जेवण झाले की नाही, हे तिला आठवेना. मला ती अनेकदा भावाच्या नावाने हाक मारी. परंतु संध्याकाळी दिवा लागला की ती हात जोडून बसे आणि प्रभूची प्रार्थना न अडखळता म्हणे. आयुष्यभराच्या आठवणी पुसल्या जात असताना तेवढे शब्द शाबूत राहिले होते.

एका संध्याकाळी ती मध्येच थांबली. आमची ऋणे माफ कर, असे मागणे ज्या ओळीत आहे, त्या ओळीशी येऊन थांबली. पुढचे शब्द तिला सापडेनात. तिने माझ्याकडे पाहिले, मूल पाठ विसरल्यावर गुरुजींकडे पाहते तसे. लहानपणी मी अडखळलो की तीच मला पुढचा शब्द सांगत असे. आता सांगण्याची पाळी माझी होती. ती ओळ मी हजारो वेळा म्हटली होती, पण त्या वेळी माझ्या तोंडून शब्द फुटेना. ऋण म्हणजे काय, हे त्या क्षणी मला त्या सहीच्या कागदासकट दिसले. देणेकरी भाऊ नव्हता, मी होतो. आणि जिचे सर्वांत मोठे देणे होते, ती समोर हात जोडून माझ्याकडून शब्द मागत होती, आणि मी तिच्याशी काय केले आहे, हे तिला आता कधीच कळणार नव्हते.

त्या रात्री मी प्रार्थना केली. ती कोणत्याही पुस्तकातली नव्हती, आणि फारशी व्यवस्थितही नव्हती. वधस्तंभ, पापक्षमा, कृपा हे शब्द मी जन्मापासून ऐकत आलो होतो. ते माझ्यासाठी उच्चारलेले आहेत, असे तेव्हा प्रथम वाटले. याकोबाच्या पत्रात नुसते ऐकणारे न होता आचरणारे व्हा, असा उपदेश आहे. त्याचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी सकाळी हुबळीच्या बसमध्ये बसताना कळला. विश्वास आधी आणि आचरण नंतर, असे क्रम लावता येतात. माझ्या बाबतीत मात्र दोन्ही एकाच तिकिटावर निघाले होते.

भावाने दार उघडले. "दादा, आई बरी आहे ना?" एवढेच त्याने विचारले. मी घरात शिरण्यापूर्वीच, दारातच, सारे सांगून टाकले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तू वाचून दाखवलं नाहीस, हे मला ठाऊक होतं. तू कधी सांगशील, एवढंच बघत होतो. कागदाचं पुढं बघू. आधी आईकडं जाऊ."

2016 मध्ये आम्ही घराचे दोन समान वाटे रीतसर नोंदवून घेतले. अकरा वर्षे मात्र परत आली नाहीत. आजही आमच्या बोलण्यात मध्येच एखादी जागा येते, तिथे दोघेही जपून पाऊल टाकतो. क्षमा मिळाली म्हणून झालेले नाहीसे होत नाही, हेही मला त्यानंतरच कळले.

हे लिहिताना कोणास उपदेश करण्याचा हेतू नाही. या अंकाचे बहुतेक वाचक माझ्या धर्माचे नाहीत, याची मला जाणीव आहे. परंतु श्रवण, मनन आणि निदिध्यास ही वाट आपल्या सर्वांच्याच ओळखीची आहे, आणि पहिल्या पायरीवर आयुष्यभर निवांत बसून राहता येते, हा माझा अनुभव कदाचित इतरांच्याही उपयोगी पडेल.

हुबळीहून आम्ही दोघे परत आलो, तेव्हा दिवेलागण झाली होती. आईने दोघांनाही ओळखले नाही. पण हात जोडले. त्याच ओळीशी ती पुन्हा अडखळली. या खेपेस मी तिला शब्द सांगितले, आणि ती पुढे म्हणू लागली.