सकाळधरनं राबलेल्या बाईचा सवाल

सप्टेंबर 2019 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटोंची निवड झाली आणि कागलात आमच्या कट्ट्यावर वाद पेटला. धर्मगुरूला साहित्याचं अध्यक्षपद कशाला, असं तावातावाने म्हणणाऱ्यांपैकी एकानेही त्यांचं पान वाचलेलं नव्हतं. मला 2009 आठवलं. आमच्या कागलच्या आनंद यादवांची महाबळेश्वरच्या संमेलनासाठी निवड झाली होती. ‘संतसूर्य तुकाराम’वरून वारकरी मंडळी संतापली. यादवांनी माफी मागितली, कादंबरी मागे घेतली, तरी अध्यक्षपद सोडावंच लागलं. ‘झोंबी’ लिहिणारा गावचा माणूस. ते फार लागलं होतं. म्हणून या वेळी आधी वाचायचं ठरवलं आणि कोल्हापुरातून दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल : नवा करार’ घेऊन आलो.

आमच्या भागात ख्रिस्ती म्हटलं की डोळ्यांपुढे येतं कोल्हापूरचं वायल्डर साहेबाचं मिशन, नाहीतर मिरजेचं वानलेस हॉस्पिटल. दोन्ही प्रॉटेस्टंटांची. वसईतले पिढ्यान्‌पिढ्यांचे कॅथलिक शेतकरी आम्हाला ठाऊकच नव्हते. दिब्रिटो त्यांच्यातले. 1942 साली नंदाखालला जन्म, 1972 मध्ये धर्मगुरूची दीक्षा, मग 1983 ते 2007 अशी चोवीस वर्षं ‘सुवार्ता’ मासिकाचं संपादन. शिवाय हरित वसईच्या आंदोलनात बिल्डरांशी उभा दावा. माझ्या मते त्यांची भाषा घडली ती या संपादनात आणि या रस्त्यावर. बायबलचा अभ्यासक असूनही वाक्य सरळ ठेवायचं, हे केवळ ग्रंथालयात बसून जमत नाही.

पुस्तक जाडजूड. रात्री मी मोठ्याने वाचायचो आणि आई भिंतीला टेकून ऐकायची. माळकरी बाई, पण कान मोकळा. मत्तयातली द्राक्षमळ्याची गोष्ट निघाली. मालक पहाटे मजूर लावतो, मग नऊला, बाराला, तीनला, आणि शेवटी दिवस मावळायला तासभर असताना चौकात उभ्या राहिलेल्यांनाही मळ्यात धाडतो. संध्याकाळी हजरी वाटताना सगळ्यांना एकेक दीनार. दीनार म्हणजे तेव्हाच्या मजुराचा एका दिवसाचा पगार. सकाळचे कुरकुरतात, तेव्हा मालक म्हणतो, ठरलं तेवढं दिलं की नाही?

आईने माळ बाजूला ठेवली.

“आन् मग सकाळधरनं राबल्याली बाई दुसऱ्या दिशी यील व्हय रं त्येच्याकडं?”

तिने ऐन उन्हात तंबाखूची खुडणी केलेली. उशिरा आलेल्या बाईची हजरी कापणारा मालक तिने पाहिला होता, आणि तासाभराच्या कामाला पुरा पगार मागणारी बाईही. मी माझ्या परीने सांगितलं की हे देवाच्या दयेबद्दल आहे, शेतीच्या हिशेबाबद्दल नाही. ती ऐकेना. “दया करायचीय तर सकाळच्यांनाबी वाईच जास्त दे की.” मग थोडं थांबून म्हणाली, “पर चौकात कुणी न्हेलंच न्हाई त्या मानसाच्या घरातबी खायाची तोंडं असत्यात.” दोन दिवस तिचं मत हेलकावे खात राहिलं. शेजारच्या काकू आल्या की त्यांनाही ती गोष्ट सांगायची आणि निकाल मागायची. काकू कायम सकाळच्यांच्या बाजूने.

धर्मग्रंथ समजावून सांगणारे पुष्कळ भेटतात. ऐकणाऱ्याला भांडता येईल इतका तो घरात आणून ठेवणारे थोडे. पंडिता रमाबाईंनी केडगावात बसून हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल केलं, ते काम प्रचंड. पण आमच्या ओसरीवर पोचले ते दिब्रिटो. त्यांच्या या पुस्तकाला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळालेला आहे, हे मी कट्ट्यावर सांगितलं. त्याने कुणाचं मत बदललं नाही. द्राक्षमळ्याची गोष्ट सांगितली, तेव्हा मात्र निम्मा कट्टा मालकावर तुटून पडला आणि अध्यक्षपदाचा विषय तेवढ्यापुरता मागे पडला.

जानेवारी 2020 मध्ये संमेलन झालं. यादवांना मिळालं नाही ते व्यासपीठ दिब्रिटोंना मिळालं, विरोध आणि धमक्या असूनही. 25 जुलै 2024 रोजी ते गेले. बातमी मी आईला वाचून दाखवली. “लई शिकल्याला मानूस,” ती म्हणाली, “पर त्या मालकाचं मला अजून पटलं न्हाई.”