नजरेमागची नजर

हात समोर लांब करून अंगठ्याचं नख पाहावं. ते जेवढी जागा व्यापतं, जवळजवळ तेवढ्यापुरतंच आपल्याला लख्ख दिसतं. डोळ्याच्या पडद्यावर एक इवलासा खळगा आहे, तिथे बारकावे टिपणाऱ्या शंकुपेशींची दाटी. भोवती त्या विरळ होत जातात आणि जग धूसर होतं. तरी ती धूसरता जाणवत नाही, कारण नजर सेकंदाला दोन-तीनदा उडी मारते आणि जाईल तिथे स्पष्टता घेऊन जाते.

मला मात्र ओढ आहे ती जागची न हलणाऱ्या नजरेची. एकोणिसाव्या शतकात जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी काळोखात अक्षरांचा मोठा कागद लावला. मधोमध टाचणीच्या टोकाएवढा अंधुक उजेड. नजर त्या ठिपक्यावर खिळवायची, मन मात्र आधी ठरवलेल्या बाजूला न्यायचं. मग विजेची ठिणगी. तेवढ्या क्षणात डोळा हलूच शकत नाही. तरीही लक्ष होतं तिथली अक्षरं उमटली, इतर निसटली.

पुढे १९९८ साली याएल येशुरून आणि मारिसा करास्को या संशोधकांनी दाखवलं, की लक्ष जाईल तिथे बारकावे वेगळे करण्याची डोळ्यांची ताकदच वाढते. पोताच्या चित्रात लपलेला वेगळा तुकडा ओळखायचा होता. कडेच्या धूसर भागात लक्षाने मदत झाली. पण नजरेच्या मध्यावर, जिथे मुळातच हवं त्याहून बारीक दिसतं, तिथे लक्ष दिल्यावर तो ओळखणं अवघड झालं. पैठणीचा धागान् धागा निरखायला बसावं आणि पदरावरचा मोर हरवावा, तसं. हा तोटाच मला सर्वांत मोठा पुरावा वाटतो: लक्ष खरोखरच दृष्टीला धार लावतं, आपल्याला ती धार नको असली तरी.

शिवाय ही धार फुकट मिळत नाही. एका जागी प्रकाश-छायेचा भेद ठळक होतो, तेव्हा लक्ष नसलेल्या जागी तो फिका पडतो. डोळे समोरच्या माणसावर आणि मन टेबलाच्या कडेला उजळलेल्या फोनवर, असं होतं तेव्हा आपण फक्त अनादर करत नसतो. त्या माणसाला काहीसं कमी पाहत असतो. ज्याच्याकडे मनापासून पाहावं, त्याला आपण दृष्टीचा वाटा देतो, आणि तो दुसऱ्या कशातून तरी काढूनच द्यावा लागतो. म्हणून तो कुणाला द्यायचा, हे विचारपूर्वक ठरवायला हवं.